नळाला कान लावणारा

लहानग्यांनो, आणि लहानग्यांच्या मागे बसून चोरून गोष्ट ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही हकीकत फार जुन्या काळची आहे. इतक्या जुन्या, की त्या राज्याचे नावही आता कुणाच्या लक्षात नाही. नाही तेच बरे. कारण गोष्ट शरमेची आहे, आणि अशा गोष्टीतले नाव कळले की आपण लगेच सुटकेचा निःश्वास टाकून म्हणतो, "छे, ते आमचं गाव नव्हे!"

तर त्या राज्यात एक नगर होते. भोवती तट होता, तटाला वेस होती आणि वेशीला लागून सगळ्यांच्या गुरांसाठी राखलेले गायरान होते. एका वर्षी भर जत्रेत नगरावर दरोडा पडला. दरोडेखोर बाहेरचे होते, पण वेशीचा अडसर कुणीतरी आतून काढला होता. त्या गोंधळात राजाचा धाकटा भाऊ मारला गेला.

राजा माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवसापासून तो घाबरला. जेवायला बसला तरी दाराकडे तोंड करून बसायचा. घाबरलेल्या माणसाचे कान भरायला वेळ लागत नाही, आणि प्रधान तर त्या कामात तरबेज होता.

"महाराज," प्रधान म्हणाला, "शत्रू बाहेर असेल तर तट पुरतो. तो घरात बसून बेत करत असेल तर काय करायचं? घराघरांत काय बोललं जातं ते आपल्याला कळायला हवं."

"लोक ऐकू देतील का?"

"त्यांना विचारतो कोण? आपण त्यांना पाणी देऊ."

नगराच्या वरच्या अंगाला तलाव होता. बायाबापड्या तिथून डोक्यावरून हंडे आणत. राजाने तलावापासून घरोघर खापरी नळ टाकले. भाजक्या मातीचे हे नळ जमिनीखालून जात आणि प्रत्येक घराच्या भिंतीत, चुलीशेजारी, त्यांचे तोंड उघडे. सकाळी पाणी येई. हंडे भरले की बंद होई. लोकांनी राजाला तोंडभर आशीर्वाद दिले. बायकांनी नळाच्या तोंडाला हळदकुंकू वाहिले. फुकट मिळालेल्या वस्तूची उलटतपासणी करायची आपल्याला सवय नसते, त्यांनाही नव्हती.

पाणी गेले की नळ कोरडे पडत, आणि कोरड्या नळातून माणसाचा आवाज लांबवर जातो. तलावाच्या पायथ्याशी एक नळघर बांधले होते. तिथे प्रत्येक आळीसाठी एक नळकरी असे. नळकरी म्हणजे नळांची देखभाल करणारा, असे लोकांना सांगितले होते. खरे काम वेगळेच. दिवसभर नेमून दिलेल्या आळीच्या नळाला कान लावून बसायचे आणि दिवस मावळता मावळता ऐकलेले प्रधानाला सांगायचे.

आपली गोष्ट अशाच एका नळकऱ्याची आहे. तो काही साधुसंत नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. कान तिखट, जीभ त्याहून तिखट, आणि स्वतःवर भारी खूश. आपण जागे आहोत म्हणून नगर झोपते, असे त्याला वाटे. आणि एकदा तसे खरेच झाले. त्याला नेमून दिलेल्या आळीत दोन भामटे धान्याच्या कोठाराला आग लावायचा बेत करत होते. त्याने तो ऐकला, सांगितला आणि कोठार वाचले. हेही लपवून चालणार नाही. खरे ते दोन्ही बाजूंनी सांगावे.

पण कोठाराला आग लावणारे रोज कुठून आणायचे? बाकीचे दिवस सासूचे सुनेला टोमणे, नवऱ्याच्या घोरण्याच्या तक्रारी, म्हाताऱ्याचे कण्हणे, पोरक्या झालेल्या कुणाचे दबके रडणे, हेच नळातून येई. नळकरी एकमेकांना नकला करून दाखवत आणि पोट धरून हसत. आपलाही नळकरी हसे. नकला तर त्याच्याच सर्वांत झकास.

प्रधानाचा एक दंडक होता. रिकाम्या हाताने यायचे नाही. "आज विशेष काही नाही" असे जो म्हणे, तो प्रधानाच्या लेखी कामचुकार. मग नळकरी काय करणार? काही नसले की मिळेल ते नेऊन पुढ्यात टाकत.

अशाच एका रिकाम्या दिवशी नळकऱ्याने वैद्यबुवांच्या घरची गोष्ट नेऊन टाकली.

हे वैद्यबुवा नगरातले मोठे गृहस्थ. नाडी पाहण्यात हातखंडा आणि चावडीवर बोलायला उभे राहिले की आवाज वेशीपर्यंत पोहोचायचा. प्रधानाला तोंडावर नाही म्हणणारा नगरात तो एकच माणूस होता. त्यांना एक लेक होती, राही. तिचे लग्न ठरले होते. त्या दिवशी राहीची आई चुलीपाशी बसून आपल्या बहिणीला सांगत होती, "पोरीला पुन्हा आकडी आली गं. दातखीळ बसली. तिकडच्या मंडळींना कळलं तर सोयरीक मोडेल, आणि लोक म्हणतील, स्वतःची लेक बरी करता येत नाही तो कसला वैद्य?"

नळकऱ्याने ऐकले आणि संध्याकाळी सांगितले. प्रधानाने नुसती मान हलवली. नळकरी घरी गेला, जेवला आणि विसरला.

काही दिवसांनी चावडी भरली. या नगराचा रिवाज असा की राज्याचे कोणतेही काम चावडीवर पुकारायचे आणि ज्याला पटणार नाही त्याने उठून उभे राहायचे. कुणी उभे राहिले नाही तर काम मंजूर. त्या दिवशी प्रधानाने पुकारले, "वेशीजवळचं गायरान माझ्या मेहुण्याला बाहेरच्या व्यापाऱ्यांसाठी तळ बांधायला द्यावं."

सगळ्यांनी वैद्यबुवांकडे पाहिले. नळकरीही गर्दीत बसला होता. आता हा माणूस प्रधानाची चांगली खरडपट्टी काढणार, म्हणून तोही सरसावून बसला. वैद्यबुवा उठलेच. प्रधान हसून म्हणाला, "या वैद्यबुवा. लेक बरी आहे ना? आकडीसारखं काही आलं तर औषध असतं ना तुमच्याकडे?"

बाकीच्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. वैद्यबुवांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. ते उभे होते तसे खाली बसले. गायरान गेले.

ते शब्द कुठून आले, हे त्या अख्ख्या गर्दीत नळकऱ्याला आणि प्रधानालाच ठाऊक होते. आपल्या तोंडून निघालेल्या एका वाक्याने नगराचा सगळ्यांत मोठा आवाज बसवला होता. त्याला वर बघवेना.

घरी आला तर पानावर बसवेना. बायको म्हणाली, "अहो, काय झालंय? बोला तरी."

त्याने बोलायला तोंड उघडले, आणि त्याची नजर स्वतःच्या भिंतीतल्या नळाकडे गेली. आजवर हे त्याच्या कधी डोक्यातच आले नव्हते. तो स्वतः राहत होता त्या आळीचाही एक नळ होता, आणि त्या नळाशी त्याचाच एक सोबती बसत होता. बायकोचा हात धरून तो तिला परसात घेऊन गेला आणि कुजबुजत त्याने सारे सांगितले.

तिने परसातूनच चुलीकडे पाहिले. त्या दोघांना मूल नव्हते. भर दुपारी नवरा घरी नसताना ती चुलीपाशी बसून रडायची, देवाला नाही नाही ते बोलायची.

"म्हणजे माझं ते सगळं..." ती म्हणाली, "तुमच्या सोबत्यांनी ऐकलं? काय म्हणाले ते?"

ते काय करत असतील हे नळकऱ्याला नीट माहीत होते. त्याने स्वतः दुसऱ्यांच्या बायकांचे ऐकून तेच केले होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी तो तडक राजाकडे गेला. "महाराज, हे बंद करा. दरोडेखोर पकडायला म्हणून आपण कान दिले, आणि ते कान प्रधानजी लोकांची तोंडं दाबायला वापरतात."

राजा चपापला, पण म्हणाला, "अरे, कोठार वाचलं ना? माझा भाऊ गेला तेव्हा असा कान असता तर तो आज जिवंत असता. आणि ज्याच्या मनात पाप नाही त्याला भीती कसली?"

"महाराज, आंघोळीला जाताना आपण दार लावतो. आत काय चोरी करतो?"

उत्तर सुचले नाही की मोठी माणसे करतात तेच राजाने केले. हात हलवून नळकऱ्याला जायला सांगितले.

मग नळकरी चावडीवर गेला. त्या दिवशी चावडी भरलेली होती. तो उभा राहिला आणि त्याने सगळे सांगून टाकले. नळ का टाकले, पाणी गेल्यावर त्यांतून काय येते, नळघरात कोण बसते. "मीही बसत होतो," तो म्हणाला. "तुमच्या घरातलं मी ऐकलं आणि बाहेर नेलं. मला क्षमा करू नका हवं तर, पण हे ऐका."

तुम्हाला वाटेल, आता नगर खवळून उठले असेल. प्रधानाच्या नावाने शिमगा झाला असेल. तसे काही झाले नाही. सगळे गप्प झाले. प्रत्येक जण आपल्या चुलीपाशी आपण काय काय बोललो ते आठवू लागला. शेजाऱ्याला काय म्हटले, भावाला काय म्हटले, बायकोवर कोणत्या शब्दांत ओरडलो. आणि ते सारे ज्याला माहीत आहे, असा एक माणूस समोर उभा होता.

एक कुंभारीण ओरडली, "आमच्या घरांत कान लावून बसायला लाज नाही वाटली रे तुला?"

"वाटली, मावशी. पण उशिरा वाटली."

प्रधान शांतपणे म्हणाला, "या माणसाचं डोकं फिरलंय. खोटं वाटत असेल तर वैद्यबुवांना विचारा. त्यांच्यासारखा निःस्पृह माणूस नगरात नाही."

आता इथे नीट लक्ष द्या. नळकरी खरे बोलतोय, हे वैद्यबुवांना पक्के ठाऊक होते. प्रधानाच्या तोंडून आकडीचे नाव निघाले त्याच दिवशी त्यांनी घरी जाऊन बायकोला विचारले होते, "कुणाला बोललीस?" तिने शपथ घेतली होती, "बहिणीखेरीज कुणाला नाही, आणि तेही चुलीपाशी." राही तिथेच उभी होती. तेव्हा घरात तिघांनाही कोडे पडले होते. ते आता सुटले होते.

पण नळकरी खरा ठरला, तर लोक विचारणार की वैद्यबुवांच्या घरात याने काय ऐकले. समोरच राहीच्या सासरची होऊ घातलेली मंडळी बसली होती.

वैद्यबुवा उठले. आवाज पूर्वीसारखाच वेशीपर्यंत गेला. "हा माणूस खोटारडा आहे! ऐकलं म्हणतोस ना? मग माझ्या घरातली एक तरी गोष्ट सांग इथे. एक तरी!"

नळकऱ्याने वैद्यबुवांकडे पाहिले. मग बायकांच्या बाजूला पाहिले. राहीची आई पदर तोंडात धरून बसली होती आणि राही त्याच्याकडे एकटक बघत होती. त्याने एक वाक्य बोलायचा अवकाश, वैद्यबुवा खोटे पडले असते, प्रधान उघडा पडला असता आणि तो सुटला असता.

"सांगत नाही," नळकरी म्हणाला.

"पाहिलंत? खोटारडा!"

"खोटारडा!" सगळी चावडी ओरडली, आणि ओरडताना प्रत्येकाला किती हलके वाटले म्हणून सांगू! नळकरी खोटा, म्हणजे आपण चुलीपाशी बोललो ते कुणी ऐकलेच नाही. राज्यावर खोटा आळ घेतला म्हणून त्याला हद्दपार केले. तो आणि त्याची बायको दोन गाठोडी घेऊन निघाली, तेव्हा आळीतली दारे एकामागून एक लागत गेली. नदी ओलांडून ती दोघे पलीकडच्या माळावर राहू लागली.

आणि गंमत बघा, गंमत म्हणायलाही लाज वाटते, त्याच संध्याकाळी ज्यांनी त्याला खोटारडा म्हटले त्या प्रत्येकाने घरी जाऊन नळाच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला. प्रधानाच्या शिपायांनी दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून बोळे काढायला लावले. मग लोक बोलायचेच बंद झाले. घरात बोलायचे ते एवढेच, "महाराज थोर आहेत" आणि "यंदा आंबा चांगला आला." नवराबायको एकमेकांशी खुणांनी बोलू लागली. शेजारी शेजाऱ्याच्या अंगणातही येईना.

गायरानावर प्रधानाच्या मेहुण्याचा तळ उभा राहिला. तिथे बाहेरचे व्यापारी उतरू लागले. एके दिवशी बैल लादून एक तांडा आला. कुंभारीण माती आणायला गेली होती. तिला एका गोणीतून तलवारीची मूठ बाहेर आलेली दिसली. ती घरी आली, नवऱ्याला सांगायला वळली, भिंतीतल्या नळाकडे पाहिले आणि गप्प बसली. प्रधानाच्या मेहुण्याविरुद्ध कोण बोलणार? बैलांच्या खुरांना आवाज होऊ नये म्हणून बांधलेली फडकी गुराख्यांनी पाहिली. तेही गप्प. वैद्यबुवांकडे त्या तांड्यातला एक जण जखम बांधून घ्यायला आला. जखम तलवारीची होती, आणि ती कळायला वैद्यबुवांना काय वेळ लागणार? त्यांनी मुकाट्याने पट्टी बांधली.

नळघरात नळकरी कान लावून बसलेच होते. त्यांनी संध्याकाळी सांगितले, "महाराज थोर आहेत, आणि यंदा आंबा चांगला आला."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तांड्याने तलवारी उपसल्या. वेशीवरचे पहारेकरी कापले गेले. धान्याचे कोठार रिकामे झाले. कुंभारणीचा तरणा मुलगा वेशीवर पहाऱ्याला होता. तोही गेला.

राजा स्वतः चावडीवर आला. "एवढा मोठा तांडा वेशीशी येऊन बसला, आणि कुणालाच कसं कळलं नाही?"

कुंभारीण उठली. तिचे डोळे कोरडे होते. "मला दिसलं होतं, महाराज."

"मग बोलली का नाहीस?"

"कुठं बोलू? घरात नळ आहे."

प्रधान झटकन पुढे आला. "नळात काय आहे? पाणी आहे! त्या खोटारड्याच्या थापा अजून..."

"मला आकडी येते," एक आवाज आला.

राही उभी होती. आवाज बापासारखाच होता. "मला आकडी येते. आईने हे फक्त मावशीला सांगितलं होतं, आमच्या चुलीपाशी. ते नळकऱ्याने ऐकलं होतं, आणि प्रधानजींनी त्यावरून माझ्या बाबांचं तोंड बंद केलं. बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा एवढंच सांगून नळकरी सुटला असता. त्याने सांगितलं नाही. आम्ही तिघंही तिथे होतो. आम्हाला माहीत होतं. आम्ही त्याला जाऊ दिलं."

तिच्या ठरलेल्या नवऱ्याचे मामा उठले, उपरणे झटकले आणि निघून गेले. सोयरीक तिथल्या तिथे मोडली. गोष्टीत असे होऊ नये असे मलाही वाटते, पण तसे झाले.

कुणी कुणाकडे पाहत नव्हते. सर्वांत खाली मान राजाची होती. "तो माझ्याकडे आला होता," राजा म्हणाला. "चावडीवर येण्याआधी माझ्याकडे आला होता. मी त्याला घालवून दिलं."

प्रधानाला आणि तांड्याला तळावर थारा देणाऱ्या त्याच्या मेहुण्याला बेड्या पडल्या. खापरी नळ घरांतून उखडले आणि त्यांचे पाणी चौकातल्या हौदात सोडले. बाया पुन्हा हंडे वाहू लागल्या आणि कुणी कुरकुर केली नाही. राजाने वेशीवरचा पहारा वाढवला आणि कायदा केला. कुणाचा संशय आला तर आधी पंचांना कारण सांगायचे, मग दिवसाउजेडी त्याच्या दारात जाऊन कडी वाजवायची. चोरून कुणाच्या घराला कान लावायचा नाही, राजानेसुद्धा.

मग नळकऱ्याला परत आणायचे ठरले. वैद्यबुवा म्हणाले, "मीच जातो." नदी ओलांडून ते माळावर गेले. नळकरी खोपटापुढे टोपली विणत बसला होता. वैद्यबुवा त्याच्या पायाशी वाकले, तर त्याने पाय मागे घेतले.

"हे काय करता, वैद्यबुवा? तुमच्या घरातलं मीच बाहेर नेलं होतं."

"आणि तू खरं बोलतोस हे माहीत असून मी तुला खोटारडा म्हटलं. चल बाबा. सगळं नगर वाट बघतंय."

नळकऱ्याने राहीची चौकशी केली. वैद्यबुवांनी झाले ते सांगितले. ऐकून त्याने हातातली टोपली खाली ठेवली.

"नाही येत," तो म्हणाला. "राग नाही. पण मी आळीतून चाललो की प्रत्येकाला आठवणार, याने माझं काय ऐकलंय. मला विसरता येत नाही हो, तेच तर वाईट आहे. लोकांनी घरात मोकळं बोलावं असं वाटत असेल, तर मी तिथे नसलेलाच बरा."

वैद्यबुवा एकटेच परत आले आणि चावडीवर त्यांनी निरोप सांगितला. "अरेरे!" लोक म्हणाले. कुणी डोळ्यांना पदर लावला. आणि त्याच वेळी आतल्या आत प्रत्येकाला हायसे वाटले, की बरे झाले, तो येत नाही. प्रत्येकाला स्वतःचे हायसे वाटणे कळले, शेजाऱ्याचेही कळले, आणि मान खाली घालून एकेक जण आपापल्या घरी गेला.

बोध हा: राज्याने पहारा वेशीवर द्यावा, चुलीपाशी नव्हे; आणि हे सांगायला जो एकटा उभा राहतो, त्याला आपली लाज झाकण्यासाठी खोटे पाडू नये.